एकट्याने लिहायचं की दोघांनी मिळून? काय आधी ठरवायचं, काय नंतर, आणि गाडी नक्की कुठे अडते

दोन मित्र ठरवतात की मिळून कादंबरी लिहू. त्याच रात्री शेअर्ड फाइल उघडली जाते, पहिला चॅप्टर तू, दुसरा मी, आणि सहाव्या-सातव्या चॅप्टरला एकमेकांचे मेसेज बघून न बघितल्यासारखं सुरू होतं. हा किस्सा इतक्या जणांकडून ऐकलाय की आता सविस्तर लिहायलाच घेतलं. मी स्वतः एक कादंबरी अशी घालवलीय. अकरा प्रकरणं झाली होती, बाराव्यात नायिकेने घर सोडायचं की नाही यावर आम्ही अडकलो, दोघांचंही म्हणणं पटण्यासारखं होतं, पण ठरवणार कोण हेच कधी ठरवलेलं नव्हतं. ती कादंबरी तिथेच राहिली.

लोक लिहायला कमी पडतात म्हणून हे होत नाही. क्रम चुकतो. जे पहिल्या दिवशी बोलायचं ते शंभराव्या पानावर बोललं जातं, आणि तोपर्यंत प्रत्येकाचा जीव त्यात अडकलेला असतो. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या, पुढचा आधी करू नका.

टप्पा १: हे काम खरंच दोघांचं आहे का ते बघा

कागद घ्या आणि एक वाक्य पूर्ण करा: "या गोष्टीसाठी माझ्याकडे अमुक आहे आणि तमुक नाही." दुसऱ्या जागी "वेळ" किंवा "हिंमत" आलं तर थांबा. दोघांनी लिहिलं की काम निम्मं होतं ही सगळ्यात मोठी गैरसमजूत आहे. बोलणं, एकमेकांचं वाचणं, पुन्हा लिहिणं हे सगळं धरलं तर काम वाढतं. एकट्याने लिहायची भीती वाटते म्हणून जोडीदार घेतला तर तो जोडीदार तुमची भीती सांभाळण्यातच दमतो.

तिथे "कथानक रचता येतं पण संवाद मेलेले येतात", किंवा "ज्या जगाबद्दल लिहायचंय ते मी आतून बघितलेलं नाही, त्याने बघितलंय" असं काही आलं, तर मात्र जोडीला अर्थ आहे.

काही प्रकार एकट्याचेच. स्वतःच्या आयुष्यातलं लेखन, कविता, एकाच माणसाच्या "मी"मधून चालणारी गोष्ट, आणि लिहिता लिहिताच सापडत जाते अशी गोष्ट, जिचा शेवट तुम्हालाच माहीत नाही. शेवटची जोडीत फारच अवघड जाते, कारण तुम्ही अंधारात चालताय आणि दुसऱ्याला रस्ता सांगायचाय. उलट पटकथा, मालिका, रहस्यकथा, विनोदी स्किट, चार-पाच पात्रांच्या नजरेतून फिरणारी मोठी कादंबरी, इथे दोन डोकी खरंच कामाला येतात.

आणि मधले रस्ते आहेत हे लोक विसरतातच. तुम्हाला सहलेखक नको असेल, फक्त आठवड्याला एकदा पानं वाचून दाखवायला कोणीतरी हवं असेल. किंवा माहिती गोळा करून देणारं, किंवा एक चांगला संपादक. त्या माणसाला सहलेखक केलंत तर तोही नाराज होणार आणि तुम्हीही.

> तपासा: दुसरा माणूस उद्या "जमणार नाही" म्हणाला तर गोष्ट लिहिली जाईल का? "हो, जरा वेळ लागेल" असं उत्तर आलं तर एकट्याने लिहा.

टप्पा २: एकट्याचं ठरलं असेल तर एवढंच

एकट्याने लिहिणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे कच्चं असताना दाखवणं. पहिले तीन चॅप्टर झाले की पाच मित्रांना पाठवतात, पाच जण पाच दिशा सांगतात, आणि नकळत ही सहलेखनाची सगळ्यात वाईट जात तयार होते, जिथे सगळे ढवळतात आणि जबाबदार कोणीच नसतं. पहिला ड्राफ्ट शेवटापर्यंत न्या. मग निदान दोन आठवडे बंद ठेवा, स्वतः एकदा वाचून दुरुस्त करा आणि त्यानंतरच द्या, तेही दोघा-तिघांनाच.

देताना सांगा की उपाय सुचवू नका, फक्त जिथे कंटाळा आला, जिथे गोंधळ झाला तिथे रेघ मारा. वाचकाला कुठे दुखतंय ते बरोबर कळतं, औषध मात्र बहुतेक वेळा चुकीचं सांगतो. दोघांनी एकाच जागी रेघ मारली असेल तर तिथे काहीतरी आहेच, मग तुम्हाला ते कितीही आवडो.

पुढचे टप्पे जोडीने लिहिणाऱ्यांसाठी.

टप्पा ३: चाचणीचा सीन

करारमदार, आउटलाइन सगळं बाजूला ठेवा. आधी एक सीन दोघांनी वेगवेगळा लिहा, पाचशे-सहाशे शब्दांचा, तोच प्रसंग, तीच पात्रं. मग अदलाबदल करा आणि समोरच्याच्या सीनवर हात चालवा, अगदी मनापासून, जे नको ते काढा. मग एकत्र बसून दोन्ही मोठ्याने वाचा.

कोणाचा सीन चांगला झाला हे बघू नका, बघायचं वेगळंच. तुमचं आवडतं वाक्य समोरच्याने काढल्यावर तुमच्या पोटात काय झालं? त्याने का काढलं हे विचारावंसं वाटलं, की गप्प बसावंसं वाटलं? गप्प बसावंसं वाटलं असेल तर ती धोक्याची खूण आहे, भांडण झालं त्यापेक्षाही मोठी. भांडणारे लोक पुस्तक पूर्ण करतात. मनात ठेवणारे करत नाहीत.

> सावधान: चाचणीला मूळ गोष्टीतला सीन घेऊ नका. तो आधीच कोणाच्या तरी जिव्हाळ्याचा असतो. अगदी बाहेरचा प्रसंग घ्या.

टप्पा ४: कामाची पद्धत निवडा

साधारण चार पद्धती चालतात.

एक रचतो, दुसरा लिहितो. एलरी क्वीन या नावाने रहस्यकथा लिहिणारे दोन चुलतभाऊ होते, त्यात फ्रेडरिक डॅने कथानकाचा तपशीलवार सांगाडा करायचे आणि मॅनफ्रेड ली त्यावर लेखन करायचे. इथे सांगाडा करणाऱ्याने गद्यात नाक खुपसायचं नाही हे पाळता आलं तरच जमतं.

पात्रं वाटून घेणं. या पात्राच्या नजरेतले सगळे चॅप्टर तुझे, त्या पात्राचे माझे. दोघांच्या भाषेत फरक असेल तर तो इथे दोष राहत नाही, उलट कामाला येतो.

शेजारी बसून लिहिणं. एकाच्या हातात कीबोर्ड, दुसरा बोलतो. संवाद आणि विनोदाला याच्यासारखं काही नाही, लांबलचक वर्णनाला मात्र फार दमवणारं.

आणि एकाआड एक चॅप्टर. सगळे हीच निवडतात कारण ती न्याय्य दिसते, आणि बहुतेक जोड्या याच पद्धतीत फुटतात. स्वीडनच्या माय शोवाल आणि पेर वालो या जोडीने १९६५ ते १९७५ मध्ये दहा कादंबऱ्या अशाच, चॅप्टर आळीपाळीने लिहून पूर्ण केल्या, हे उदाहरण मला नेहमी ऐकवलं जातं. पण लिहायला बसण्याआधी त्यांचं संशोधन आणि आराखडा दोघांनी मिळून पक्का केलेला असायचा, हे कोणी सांगत नाही. आराखड्याशिवाय आळीपाळी म्हणजे प्रत्येक जण आपल्या चॅप्टरमध्ये गोष्ट आपल्याकडे ओढणार.

पहिल्यांदाच जोडीने लिहीत असाल तर माझं मत पात्रं वाटून घेण्याला.

टप्पा ५: एका पानाचा लेखी करार

"आपल्यात कसला करार" म्हणणाऱ्यांनी हा टप्पा दोनदा वाचावा. मैत्री टिकावी म्हणूनच लिहायचं. वकिली भाषा लागत नाही, साध्या मराठीत लिहा, दोघांनी सही करा, तारीख टाका. (पुढे पैशांचा मोठा व्यवहार आला की वकिलाला दाखवाच.)

१. शेवटचा शब्द कोणाचा. हे सगळ्यात वर लिहा. "दोघांचा" हे उत्तर चालणार नाही. एकाचा असू शकतो, किंवा विषयानुसार वाटा: कथानकावर एकाचा, भाषेवर दुसऱ्याचा. आमच्या बाराव्या प्रकरणात हे एक वाक्य लिहिलेलं असतं तर कादंबरी पूर्ण झाली असती, मग शेवट माझ्या मनासारखा झाला नसता तरी चाललं असतं.

२. पैशांची वाटणी. शब्द मोजून वाटणी करू नका, नाहीतर दोघंही पाल्हाळ लावतील.

३. नावांचा क्रम.

४. कोणी मध्येच सोडलं तर काय. दुसऱ्याला पूर्ण करता येईल का, सोडणाऱ्याचं नाव राहील का, हिस्सा किती.

५. पुढचा भाग, नाटक, सिनेमा, अनुवाद यांचे हक्क, आणि तीच पात्रं घेऊन एकाला स्वतंत्र लिहिता येईल का.

६. एआयची मदत घ्यायची का, घेतली तर समोरच्याला सांगायची का. आजकाल यावरून विश्वास तुटतो, त्यामुळे आधीच बोला.

७. एकाचा मृत्यू झाला तर त्याच्या बाजूने निर्णय कोण घेणार. बोलायला कठीण जातं, पण बर्न करारानुसार (हा कॉपीराइटबद्दलचा देशादेशांतला करार) संयुक्त लेखनाच्या कॉपीराइटची मुदत शेवटच्या हयात लेखकाच्या मृत्यूपासून मोजतात, म्हणजे वारसांचा संबंध कित्येक वर्षं येणार आहे.

काहीच लिहिलं नाही तर कायदा आपलं ठरवतो, आणि तो प्रत्येक देशात सारखा नाही. अमेरिकेत कॉपीराइटचा एक सहमालक दुसऱ्याला न विचारताही एखाद्याला वापराची परवानगी देऊ शकतो (फक्त त्यालाच वापरता येईल अशी, एकाधिकाराची नाही), मिळालेल्या पैशाचा हिस्सा मात्र द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये सगळ्या सहमालकांची संमती लागते. म्हणजे तीच दोघं, तेच पुस्तक, आणि नियम अगदी उलटे.

अजून एक, ज्यावरून सगळ्यात जास्त मनं दुखावतात. कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, ती ज्या शब्दांत मांडली त्याला मिळतो. "आयडिया माझी होती" एवढ्यावर कायद्याने कोणी सहलेखक होत नाही. तुम्ही आयडिया देणार आणि दुसरा लिहिणार असेल, तर आयडियाचं मोल काय हे करारातच यायला हवं, नंतर मागून मिळत नाही.

> तपासा: करार एका तिसऱ्या माणसाला वाचायला द्या आणि विचारा, "आमच्यात शेवटावरून वाद झाला तर काय होईल?" त्याला कागद बघून उत्तर देता आलं नाही तर पुन्हा लिहा.

टप्पा ६: वही आणि आराखडा

एक वेगळी फाइल, तिला आम्ही नुसतं वही म्हणतो. पात्राचं वय, दिसणं, कोणाला काय कधी कळलं, कुठल्या दिवशी काय घडलं हे सगळे लिहितात. भाषेचे निर्णय मात्र राहून जातात, आणि मराठीत लिहिताना सगळ्यात जास्त तिथेच घोळ होतो.

निवेदन "ती म्हणाली, तिला कळलं" असं चालणार की "तिला कळले" असं? एकाचा हात "कळलं" लिहितो, दुसऱ्याचा शाळेपासून "कळले" लिहितो, आणि वाचक दर चॅप्टरला अडखळतो. आईला अगं की अहो? नवरा-बायको एकमेकांना काय म्हणतात, चारचौघांत काय आणि एकटे असताना काय? दवाखाना की हॉस्पिटल? रागावल्यावर हे पात्र लांब बोलतं की गप्प होतं? आणि प्रत्येक पात्राचे असे चार शब्द लिहा जे ते कधीच वापरणार नाही. हे शेवटचं फार उपयोगी पडतं, कारण पात्र काय बोलेल यावर वाद होतो, काय बोलणार नाही यावर दोघांचं पटकन एकमत होतं.

आराखडा चॅप्टरला तीन-चार ओळींचा पुरे: सुरुवातीला कोण काय मागतंय, शेवटी काय बदललं, वाचकाला नवीन काय कळलं. शेवटचा चॅप्टर कोरा ठेवून लिहायला सुरुवात करू नका. पुढे बदलला तरी हरकत नाही, पण आज दोघांच्या डोक्यात एकच शेवट हवा.

टप्पा ७: ड्राफ्ट आणि फाइलची शिस्त

मूळ फाइल एकच, आणि एका वेळी ती एकाच्याच ताब्यात. "आता फाइल तुझी" असा मेसेज गेल्याशिवाय दुसऱ्याने हात लावायचा नाही. दोघं एकाच वेळी एकाच पानावर टाइप करायला लागले की कोणीच वाक्य पूर्ण करत नाही, आपलं वाक्य तयार होताना कोणीतरी बघतंय ही जाणीवच हात धरते.

समोरच्याच्या मजकुरात बदल करायचे तर सजेस्टिंग मोड किंवा ट्रॅक चेंजेस (म्हणजे प्रत्येक बदल वेगळा दिसत राहतो अशी सोय) लावून, सरळ पुसून कधीच नाही. काढलेले परिच्छेद "काढलेलं" नावाच्या फाइलमध्ये टाका. त्यातले बहुतेक परत लागत नाहीत, पण ते कुठेतरी आहेत म्हटल्यावर माणूस सोडून द्यायला तयार होतो. दर चॅप्टर पूर्ण झाला की व्हर्जनला तारखेचं नाव द्या, "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरंच" असली नावं नकोत.

कॉमेंट लिहिताना तीन शब्दांपैकी एक आधी टाका: चूक, शंका, आवड. चूक म्हणजे वहीशी जुळत नाही, ती दुरुस्त करायचीच. शंका म्हणजे बोलायचं. आवड म्हणजे मला असं आवडलं असतं, आणि ती मानायची सक्ती लिहिणाऱ्यावर नाही. हे सुरू केल्यावर कळतं की आपल्या निम्म्याहून जास्त कॉमेंट आवडीच्याच असतात.

> सावधान: समोरचा एक चॅप्टर मागे असेल तर तुम्ही तीन पुढे पळू नका. एकाहून जास्त पुढे गेलात की त्याला तुमच्या मागे लिहावं लागतं आणि तो तिथेच गळतो.

टप्पा ८: दोन हातांचा एक आवाज

इथे घाई झाली की पुस्तक गेलं. ड्राफ्ट पूर्ण झाल्यावर दोघांपैकी एकाने सगळं पुन्हा टाइप करायचं, हो, पहिल्या शब्दापासून, कॉपी-पेस्ट न करता. हाताखालून वाक्य गेलं की खोटं वाक्य अडतं, नुसतं वाचताना ते निसटतं. पात्रं वाटून घेतली असतील तर तुमचे दोन आवाज तसेच राहू द्या, पण तपशील आणि भाषेचे निर्णय जुळवायला ही फेरी तेव्हाही करायचीच.

एक उदाहरण दाखवतो. वडील गेल्यानंतर मुलगी कपाट आवरतेय. पहिल्याने लिहिलं:

"सुमनने कपाट उघडलं. चष्म्याची केस. आत चष्मा नव्हता. तिने केस बंद केली."

दुसऱ्याने तोच प्रसंग पुढच्या चॅप्टरमध्ये आठवण म्हणून लिहिला:

"कपाटाच्या वरच्या फळीवर, इतके दिवस कोणाचाच हात न लागलेल्या कोपऱ्यात, बाबांचा चष्मा होता, आणि तो हातात घेताना सुमनला वाटलं की आपण त्यांच्या डोळ्यांनाच हात लावतोय."

पहिली अडचण सरळ आहे, चष्मा आहे की नाही? हे वहीत नव्हतं. दुसरी अडचण आवाजाची. बहुतेक जोड्या इथे दोघांना खूश ठेवायला दोन्ही जोडतात: वरची फळी, हात न लागलेला कोपरा, रिकामी केस आणि वर डोळ्यांची उपमा. म्हणजे चष्माच नाही आणि डोळ्यांना हात लावल्याचं वाटतंय. अशा जोडकामात दोघांचंही चांगलं मरतं.

आम्ही शेवटी असं केलं:

"सुमनने कपाट उघडलं. वरच्या फळीवर चष्म्याची केस होती. उचलताना हलकी लागली, तरी तिने उघडून बघितली. मग बंद करून जागेवर ठेवली, उघडायची बाजू भिंतीकडे, बाबा ठेवायचे तशी."

रिकामी केस पहिल्याची राहिली, त्याची छोटी वाक्यंही राहिली. उपमा गेली. पण दुसऱ्याच्या वाक्यात जी माया होती ती "बाबा ठेवायचे तशी" मध्ये आली, आणि ते पहिल्याला एकट्याला सुचलं नसतं. पुन्हा लिहिणाऱ्याने प्रत्येक पानावर हेच विचारायचं: समोरच्याला इथे नक्की काय हवं होतं? शब्द गेले तरी चालतील, ते हवं असलेलं जाऊ देऊ नका.

मग मोठ्याने वाचन. ज्याने पुन्हा लिहिलं त्याने ऐकायचं, दुसऱ्याने वाचायचं. वाचणारा जिथे अडखळेल तिथे खूण. तो चॅप्टर कोणी लिहिला होता हे तुम्हाला लगेच ओळखू आलं तर शिवण अजून दिसतेय, पुन्हा बसा.

टप्पा ९: नाव कसं द्यायचं

नावं लावणं म्हणजे नुसती शोभा नव्हे, त्याला अर्थ असतो. अमेरिकेतल्या रायटर्स गिल्डच्या (पटकथालेखकांच्या संघटनेच्या) नियमात तर दोन नावांमध्ये अँपरसँडचं (&) चिन्ह आलं तर त्यांनी जोडीने लिहिलं आणि "अँड" हा शब्द आला तर वेगवेगळं काम केलं, असा फरक आहे. तुम्हीही "लेखन", "कथा", "कथाविस्तार", "संवाद", "संशोधन" यातलं कोणाचं काय ते नीट लावा. ज्याने फक्त वाचून सूचना दिल्या त्याचं नाव ऋणनिर्देशात, मुखपृष्ठावर नाही, मग तो कितीही जवळचा असो. आणि एकट्याने लिहिलेल्या पुस्तकात कोणाचं एखादं पूर्ण पान जसंच्या तसं आलं असेल, तर त्याची लेखी परवानगी घ्या आणि तसं नमूद करा.

टप्पा १०: फाटलंच तर

त्याच दिवशी फाइलची प्रत काढून दोघांकडे ठेवा आणि मूळ फाइल फक्त वाचण्यापुरती करा. रागात कोणी काही पुसलं तर ते भांडण कधीच मिटत नाही. दोन आठवडे कोणीच लिहायचं नाही. मग करारातला चौथा मुद्दा उघडा आणि तो जसा लिहिलाय तसा वापरा, नव्याने वाटाघाटी नकोत.

करार नसेल तर तीन गोष्टींपैकी एक निवडा: एकाने हिस्सा आणि नाव ठरवून पुस्तक पुढे न्यायचं, किंवा आपापलं वेगळं काढता येत असेल तर आपापली पात्रं आणि प्रसंग घेऊन निघायचं, किंवा दोघांनीही हात न लावता ठेवून द्यायचं आणि कधी उघडायचं याची तारीख ठरवायची. जे ठरेल ते एका मेलमध्ये लिहा आणि समोरच्याचं "मान्य" असं उत्तर येईपर्यंत एकही ओळ कुठे पाठवू नका, स्पर्धेला नाही, प्रकाशकाला नाही, मित्राला वाचायलाही नाही.